आजारपणाचं कर्ज: पूर्णाकाठच्या एका गावात आरोग्य विम्याचा हिशोब

(प्रकरण खरं आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि गावाचं व रुग्णालयाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.)

पार्श्वभूमी

गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिकालाही चालत नाही आणि तोंडातही धरवत नाही. शेती सगळी पावसावर. कापूस, तूर, मूग, सोयाबीन. या पट्ट्यात किडनीच्या दुखण्याची घरं जवळपास प्रत्येक गावात सापडतात. लोक पाण्याला दोष देतात. त्याचा निवाडा करणं आमचं काम नव्हतं, पण या दुखण्यात घरं कशी खचतात ते आम्ही रोज पाहतो.

मी ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाची, लेखापाल आहे. गावातल्या महिला बचत गटांच्या नोंदवह्या माझ्याकडे येतात. कर्ज नोंदवहीत एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. बियाणं, शिक्षण, लग्न, घरदुरुस्ती, आजारपण, घरखर्च. मी हा रकाना वर्षानुवर्षं भरत आले, पण एकत्र वाचायला कधी बसले नव्हते.

2 ऑक्टोबर 2024 च्या ग्रामसभेत आरोग्य योजनेचा विषय निघाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 2020 पासून एकत्र चालतात. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच लागू झालं होतं. सरपंचांनी अभिनंदनाचा ठराव मांडला: 'योजनेमुळे गावाचा उपचाराचा खर्च संपला.' हात वर होऊ लागले तेवढ्यात कुसुमताई उठल्या.

"पैसे लागत नाई म्हन्ता, मंग माह्या नावावरचं कर्ज कायचं हाय?"

सभा गप्प झाली. शेवटी ठराव तहकूब झाला आणि काम ग्रामसंघाकडे आलं: योजना पैशाच्या दृष्टीने यशस्वी आहे की नाही ते बघून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत सांगा.

प्रश्न कुठे अडला

पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की 'यशस्वी' म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी वही होती. सरपंच कार्डं मोजत होते. रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, मंजूर झालेली रक्कम सांगत होता. गावातला एक मुलगा अकोल्याला एमकॉम करतो, तो म्हणाला की विमा आहे तर हप्ता किती गेला आणि दावे किती निघाले ते बघा. आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, म्हणाल्या, जे दवाखान्यात गेलेच नाहीत त्यांचं काय? आणि कुसुमताईंना आपलं कर्ज दिसत होतं.

चुकीचं कुणीच बोलत नव्हतं. पण एका वहीचा आकडा दुसऱ्या वहीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिला की घोटाळा होतो. ठरावात नेमकं तेच झालं होतं.

कोणती मोजपट्टी धरायची

कार्डांची मोजणी आम्ही लवकर बाजूला ठेवली. 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या 'कॅग'च्या (सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या) अहवालात आयुष्मान भारत योजनेच्या नोंदणीत 7,49,820 लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. नोंद म्हणजे उपचार नाही आणि उपचार म्हणजे बचत नाही, एवढं त्यावरून सगळ्यांना पटलं.

मग सरकारने किती खर्च केला ते बघायचं का? एमकॉमवाल्या मुलाने अर्थसंकल्पाचे आकडे काढून आणले. 2019-20 मध्ये केंद्राने या योजनेला 6,400 कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते 3,200 कोटींवर आले. 2024-25 साठी तरतूद 7,300 कोटी होती. यावर आमचा बराच वेळ गेला. 2019-20 मध्ये निम्मा पैसा खर्च झालाच नाही, याला बचत म्हणायचं का? तिजोरीच्या वहीत ती बचत दिसते. पण माणसं रुग्णालयापर्यंत पोचलीच नाहीत म्हणूनही पैसा उरू शकतो. उलट खर्च वाढला तर लोकांपर्यंत मदत पोचली असेल, किंवा नको त्या शस्त्रक्रियांची बिलंही निघाली असतील. नुसत्या रकमेवरून यातलं काहीच ठरत नाही.

विम्याच्या हप्त्याचा आणि दाव्यांचा हिशोबही असाच दोन बाजूंनी कापतो. एकत्रित योजनेत 1.5 लाखांपर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यापुढचा राज्य आरोग्य हमी सोसायटीवर (योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेवर), अशी मिश्र रचना होती. दावे हप्त्यापेक्षा फारच कमी निघाले तर सरकारचा पैसा कंपनीकडे राहिला. फार जास्त निघाले तर पुढच्या वेळी हप्ता वाढणार. योजना टिकेल का, हे या आकड्यावरून कळतं. कुसुमताईंचं कर्ज त्यावरून कळत नाही.

सगळ्यात जास्त भुरळ घातली ती राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनी, म्हणजे देशाच्या आरोग्य खर्चाच्या सरकारी हिशोबाने. देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 टक्के झाला. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, झालं, हेच लिहून देऊ. मलाही ते सोपं वाटलं. पण त्या मुलाने मधल्या वर्षांचे आकडे फळ्यावर लिहिले. 2016-17 मध्ये 58.7, 2017-18 मध्ये 48.8, 2018-19 मध्ये 48.2. सगळ्यात मोठी उडी 2017-18 मधली. आयुष्मान भारत सुरू झाली 23 सप्टेंबर 2018 ला. योजना जन्मायच्या आधीच्या घसरणीचं श्रेय योजनेला कसं द्यायचं?

दुसरी गोष्ट मी माझ्या परीने समजावली. समजा एकूण खर्च 100 रुपये, त्यात घरातून 64 गेले. पुढे सरकारने आपला खर्च वाढवला आणि एकूण 160 झाला, घरातून मात्र पूर्वीइतकेच 64 गेले. वाटा आला 40 टक्क्यांवर. घराचा एक रुपयाही वाचला नाही. देशाच्या लेख्यांत लोकांच्या खिशातली रक्कम या काळात सुमारे 2.9 लाख कोटींवरून सुमारे 3.56 लाख कोटींवर गेलेली आहे. आठ वर्षांची महागाई धरली तर ही वाढ ओझं वाढल्याचा पुरावा ठरत नाही, हेही खरं. शिवाय 2021-22 हे कोरोनाचं वर्ष, सरकारी खर्च एरवीपेक्षा जास्त. वाटा कमी होणं चांगलंच आहे. पण तो आकडा आमच्या ग्रामसभेच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता.

म्हणून ठरलं, आपल्या हातात जी वही आहे ती उघडायची.

बैठकीत एका काकूंनी विदर्भातल्याच वर्धा जिल्ह्याची आठवण काढली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारी विमा योजना. सुगीला घरटी ज्वारी जमा करायची आणि त्यावर रुग्णालयात सवलतीने उपचार घ्यायचे. काकूंचं माहेर तिकडचं. त्या म्हणाल्या, तेव्हा पायलीने काय दिलं आणि बदल्यात काय मिळालं, हे गावाला तोंडपाठ होतं. आताच्या योजनेत गाव काही देत नाही, म्हणून काय मिळायला हवं तेही विचारत नाही. काकूंचं हे बोलणं मी वहीत लिहून ठेवलं.

वही उघडली तेव्हा

समाजमंदिरात चार दुपारी बसलो. पहिला पेच कालखंडाचा. योजनेच्या 'आधी' म्हणजे नक्की कधी? राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते, अकोला नव्हता. अकोल्यात ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली. 2017 मध्ये तिचं नाव बदलून महात्मा फुले योजना झालं, 2018 मध्ये केंद्राची योजना आली, 2020 मध्ये दोन्ही एकत्र झाल्या, 2024 मध्ये कवच वाढलं. आमच्या बहुतेक गटांच्या वह्या अकोल्यात योजना आल्यानंतर सुरू झालेल्या. 'आधी' ची पानं आमच्याकडे नव्हतीच. (अमरावती आणि अकोला या शेजारी जिल्ह्यांची 2012-13 ची तुलना कुणी नीट केली तर बरंच कळेल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. अमरावतीतल्या दर्यापूरकडची आणि अकोल्यातल्या मूर्तिजापूरकडची शेती, पाणी, माणसं सारखीच. एका बाजूला योजना होती, दुसऱ्या बाजूला अजून आली नव्हती.)

म्हणून तारखेने तुलना सोडली आणि आजारपणाने मोजायचं ठरवलं. प्रत्येक मोठ्या दुखण्यासाठी एक पान. त्यावर दोन रकाने: योजनेने काय दिलं, घरातून काय गेलं.

दुसरा पेच 'घरखर्च' या शब्दाचा. मी स्वतः हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. बायांना सोबत बसवून एकेक नोंद विचारली तेव्हा कळलं की घरखर्च म्हणून घेतलेल्या पैशांच्या मागे कितीतरी वेळा दवाखानाच होता. आजारपणासाठी लागोपाठ दुसऱ्यांदा कर्ज मागायला संकोच वाटतो, म्हणून घरखर्च सांगितलेला. सावकाराचे आणि मायक्रोफायनान्सचे पैसे तर आमच्या वहीत येतच नाहीत. ते विश्वासाने विचारले तिथेच कळले.

एक घर

कुसुमताईंचं पान सगळ्यात लांब झालं. त्यांचे यजमान नामदेवभाऊ पन्नाशीचे, तीन एकर कोरडवाहू. दोन्ही किडन्या निकामी. जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेत असलेल्या एका रुग्णालयात आठवड्याला दोनदा डायलिसिस. प्रत्येक वेळचं बिल योजनेतून, कुसुमताईंना खिडकीवर एक रुपया द्यावा लागला नाही. आरोग्यमित्राच्या संगणकावर हे घर यशाचं उत्तम उदाहरण दिसतं, वर्षाला शंभरावर मंजूर दावे.

मग त्यांनी प्लास्टिकची पिशवी ओतली. कागद ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते. निदान होण्याआधी खासगीत केलेल्या तपासण्यांची बिलं. औषध दुकानाच्या पावत्या, त्यात रक्तवाढीचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा. एसटीची तिकिटं रबरबँड लावून ठेवलेली. एका वहीच्या पाठकोऱ्या पानावर मुलीने लिहून ठेवलं होतं: 'गाडी 1,200, चहा-भजे 40, गाडी 1,200.'

गाडी कशाला? डायलिसिसची पाळी सकाळी सहाची होती. त्या वेळेला गावातून एसटी नाही. पहिले दोन महिने भाड्याची गाडी केली. पैसे संपल्यावर दोघं आदल्या संध्याकाळच्या गाडीने जाऊन रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपू लागले. म्हणजे आठवड्यातले चार दिवस कुसुमताईंची मजुरी गेली. ते दिवस ऐन कापूस वेचणीचे होते.

गटातून पाच वेळा कर्ज. दोनदा 'आजारपण', तीनदा 'घरखर्च'. शिवाय एक मायक्रोफायनान्स. त्याचा हप्ता चुकू नये म्हणून गटाचा हप्ता थकला.

पहिला मसुदा आणि आमची चूक

सगळी पानं वाचून डिसेंबरात मी मसुदा लिहिला. आजारपणासाठी घेतलेली कर्जं वर्षागणिक वाढलेली दिसत होती. मी लिहिलं: 'योजना आर्थिकदृष्ट्या अपयशी आहे.' कुसुमताईंची पिशवी पाहिल्यावर दुसरं काही लिहावंसं वाटत नव्हतं.

मसुदा वाचताना आशाताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "ताई, भाऊ डायलिसिसले गेलेच नसते त हे कर्ज झालंच नसतं. पण मंग भाऊ राह्यले असते का?"

मग त्यांनी आपली डायरी काढली. काही वर्षांपूर्वी याच गावात याच दुखण्याचा एक माणूस होता. अकोल्याला एकदा जाऊन आला आणि खर्च ऐकून परत गेलाच नाही. दीड महिन्यात वारला. त्याच्या बायकोच्या नावावर आमच्या वहीत आजारपणाचं कर्ज शून्य. माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर ते घर नामदेवभाऊंच्या घरापेक्षा सुस्थितीत ठरलं असतं.

मी त्या रात्री मसुदा फाडला. कर्ज वाढलं कारण माणसं उपचाराला जायला धजावली. रुग्णालयाचं बिल योजनेने उचललं, म्हणून त्यांना भाड्याचं आणि औषधाचं कर्ज काढण्यात अर्थ वाटला. वाढलेलं कर्ज योजना पोचल्याचीही खूण होती आणि ती अर्ध्या वाटेत संपत असल्याचीही. दोन्ही एकाच नोंदीत होतं, आणि मी एकच वाचलं.

तेव्हा तिसरा रकाना वाढवला: काय सोडलं. सोडलेला उपचार, सोडलेली मजुरी, विकलेली शेळी, शाळा सुटलेली मुलगी. आशाताईंच्या डायरीशिवाय हा रकाना भरताच आला नसता, कारण न गेलेल्या माणसाची पावती कुणाकडेच नसते.

या रकान्याने आणखी एक गोष्ट दाखवली. गावातला रोजचा दवाखान्याचा पैसा बीपी, शुगर, सांधेदुखी आणि तापावर जातो. योजना प्रामुख्याने भरती होऊन घ्यायच्या उपचारांची. बाहेरून घ्यायच्या गोळ्यांना ती पुरत नाही. बीपीची गोळी महिनोन्महिने सोडलेल्या काकांना उद्या अर्धांगवायू झाला तर योजना त्यांचं मोठं बिल भरेल आणि तो दावा यशात मोजला जाईल. हे लिहिताना मला अजूनही राग येतो.

काय केलं

26 जानेवारीची वाट न बघता आम्ही तीन गोष्टींना हात घातला, कारण पानं भरताना उपाय समोर दिसत होते.

एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे. कुसुमताईंना कुणी सांगितलं नव्हतं. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे त्यांचं स्वतःचं तिकीट अर्धं होतं, भाऊंचं मात्र पूर्ण काढत होत्या. रुग्णालयाचं प्रमाणपत्र घेऊन आगारात दोन हेलपाटे झाले आणि सवलत मिळाली.

पण फुकट प्रवासाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्या वेळेला गाडी असते. म्हणून पाळी बदलून मागितली. इथे मतभेद झाले. मी अर्ज लिहू म्हणत होते. आशाताई म्हणाल्या, अर्ज फायलीत राहील, समोर जाऊन बोलू. त्यांचं ऐकलं. दुपारच्या पाळीतला एक रुग्ण शहरातलाच होता, त्याला सकाळ सोयीची होती. अदलाबदल दहा मिनिटांत झाली. इतके महिने हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरं इंजेक्शनचं. ते बाहेरून आणायला सांगण्याबद्दल आम्ही योजनेच्या 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार करावी की नाही, यावर कुसुमताईंच्या अंगणात संध्याकाळभर बोलणं झालं. आठवड्यातून दोनदा त्याच खाटेवर झोपायचं आहे, उद्या राग धरला तर? ही भीती खोटी नव्हती. शेवटी नामदेवभाऊच म्हणाले, "करा. माह्या मागून येनाऱ्याले त मिळन." तक्रार ग्रामसंघाच्या नावाने गेली, त्यांच्या एकट्याच्या नाही.

काय झालं

इंजेक्शन पुढे रुग्णालयातून मिळू लागलं. आधीचे पैसे परत आले नाहीत. पाळी दुपारची झाल्यावर मुक्काम बंद झाला आणि कुसुमताईंच्या हाताला आठवड्यातले दोन दिवस परत मिळाले. मायक्रोफायनान्सचं कर्ज गटाने फेडून घेतलं आणि ती रक्कम लांब मुदतीने गटाकडे वळवली. नामदेवभाऊ आहेत, डायलिसिस चालू आहे. कर्ज आहे, पण वाढत नाही.

26 जानेवारी 2025 च्या ग्रामसभेत मी पान वाचून दाखवलं. ठराव बदलला. मंजूर झालेलं वाक्य असं: 'योजनेने रुग्णालयाचं बिल उचललं, त्यामुळे गावातली माणसं उपचार घेऊ शकली. प्रवास, बाहेरची औषधं, तपासण्या आणि बुडालेली मजुरी यांचा भार घरांवर आहे आणि तो कर्जातून भरला जातो.' सरपंचांना सुरुवातीला हे विरोधी वाटलं. त्यांच्याच चुलतभावाचं पान वाचल्यावर त्यांनी स्वतः अनुमोदन दिलं.

काही दिवसांनी नवा अर्थसंकल्प आला, त्यात योजनेची तरतूद 9,406 कोटी झाली. त्या मुलाने मला फोनवर विचारलं, ताई, आता वाढलं, चांगलं की वाईट? मी म्हटलं, कुसुमताईंच्या एसटीच्या तिकिटासारखं काही त्यात आहे का ते बघ.

पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी मी आशाताईंची डायरी आणि माझी वही पहिल्याच दिवशी शेजारी ठेवेन. आम्ही दोन महिने फक्त कर्ज घेतलेल्यांना विचारत राहिलो.

बुडालेली मजुरी काही पानांवर दोनदा धरली गेली, एकदा घरातून गेलेल्यात आणि एकदा सोडलेल्यात. ती नंतर दुरुस्त केली, पण रकान्यांचा अर्थ आधीच लिहून ठेवला असता तर वेळ वाचला असता. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्याचा फायदा काही घरांना झाला आणि तोही आम्ही विमा योजनेच्या नावावर लिहिला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या लिहायला हव्या होत्या.

तक्रार आम्ही उशिरा केली. पिशवीतली पहिली पावती हातात आली त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मसुदा नीट होईपर्यंत थांबलो, तोवर कुसुमताईंनी आणखी चार इंजेक्शनं विकत आणली.

कर्ज नोंदवहीचा रकाना आता बदलला आहे. 'आजारपण' पुढे कंस करून मी विचारते: बिल, औषध, गाडी की मजुरी? गटाच्या अध्यक्षा सुरुवातीला कुरकुरल्या, बैठकीला वेळ लागतो म्हणून. परवाच्या बैठकीत एका नव्या सुनेने 'घरखर्च' सांगितलं, तेव्हा त्यांनीच तिला जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, "कोण दुखन्याईत हाय वं घरी?"